नानीच्या मांडीवरचा प्रवास

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस लागले की कोकणातल्या मोहल्ल्यांत एक वेगळाच हिशेब सुरू होतो. कोण कधी उतरतंय, मुंबई विमानतळावर घ्यायला कोण जाणार, गाडी घरची की भाड्याची. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातली कितीतरी घरं दोन-तीन पिढ्यांपासून आखाती देशांत कमावतात. ईदला दुबई, शारजा, दोहा, कुवेतहून लेकी-सुना येतात, नातवंडं येतात. सहरी उरकली की सात आसनी गाडी मुंबईकडे निघते. पुढे ड्रायव्हरशेजारी मामू, मागे नानी आणि खाला. नानीला घरीच थांबायला सांगण्याची हिंमत कुणात नसते. वर्षभर मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेला नातू ती विमानतळाच्या दारातच उचलून घेणार असते. परतीच्या वाटेवर बॅगा डिकीत मावत नाहीत म्हणून शेवटची रांग दुमडली जाते. उरलेल्या जागेत माणसं दाटीवाटीने बसतात आणि दीड वर्षाचा नातू नानीच्या मांडीवर.

चित्र मोठं देखणं आहे. अडचण एवढीच की हाच मुलगा आदल्या दिवसापर्यंत दुबईत गाडीत बसताना न चुकता आपल्या सीटमध्ये बांधला जात होता. संयुक्त अरब अमिरातीत १ जुलै २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी गाडीत वेगळी सीट सक्तीची झाली. नियम मोडला तर ४०० दिरहम दंड आणि चालकाच्या परवान्यावर चार काळे गुण. दहा वर्षांखालच्या किंवा १४५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला पुढच्या जागेवर बसवायचं नाही, असंही त्याच नियमांत आहे. तिथे राहणारे आपले लोक हे सगळं निमूट पाळतात. बाळ रडलं तरी पाळतात. मग विमान मुंबईत उतरतं, आणि पुढचे पाच-सहा तास, पनवेल ओलांडून, माणगाव-महाड मागे टाकत, तेच बाळ कुठल्याही पट्ट्याशिवाय प्रवास करतं.

हे फक्त मोहल्ल्यातलं नाही. गणपतीला डोंबिवली-विरारहून निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांत हेच दिसतं. दिवाळीला लंडनहून किंवा न्यूजर्सीहून पुण्यात येणारी कुटुंबंही विमानतळाबाहेर पडली की तिकडची शिस्त तिकडेच ठेवून येतात. ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटीमीटर उंच होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, त्याला गाडीत सीट लागते. अमेरिकेत बाळंतिणीला घरी सोडताना गाडीत बाळाची सीट आहे ना, हे अनेक रुग्णालयांतल्या परिचारिका विचारून घेतात. म्हणजे माहिती नसते असं नाही. माहिती असते, सवय असते, पैसेही असतात. आड येतं ते एक जुनं आणि फार प्रेमळ गृहीतक: आजीच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा दुसरी कुठली?

घरात, अंगणात, तापाच्या रात्री ते शंभर टक्के खरं आहे. धावत्या गाडीत नाही. आणि याचं कारण प्रेमात नसून शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीला धडकणं म्हणजे सुमारे १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खाली पडणं. वेग दुप्पट झाला की आघाताची ताकद चौपट होते. ताशी १०० ला तीच धडक बारा-तेरा मजली इमारतीवरून पडण्यासारखी. गाडीचा पुढचा भाग चेपत जातो आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात सगळं थांबतं. तेवढ्या क्षणासाठी ५० च्या वेगातही १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला दीडशे ते दोनशे किलोचा भार पेलावा लागतो. तांदळाच्या ५० किलोच्या तीन-चार गोण्या, त्याही अचानक, आधी काही न सांगता. हे नानीला जमणार नाही, रोज व्यायामशाळेत जाणाऱ्या मामूलाही जमणार नाही.

बरं, नानीने स्वतः पट्टा लावला नसेल तर गोष्ट आणखी बिघडते. धडकेच्या क्षणी तीही पुढे फेकली जाते, आणि तिच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये मूल असतं. काही जण यावर तोडगा म्हणून एकच पट्टा नानी आणि नातू अशा दोघांवरून ओढून घेतात. तो सगळ्यात वाईट. मोठ्या माणसाचं सगळं वजन आतून आणि पट्टा बाहेरून, मधे बाळ.

मांडीचा हा मोह फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मर्फ्रीसबरो नावाच्या गावी रॉबर्ट सँडर्स हे बालरोगतज्ज्ञ होते. गाडीत मुलांसाठी सीट कायद्यानेच सक्तीची व्हावी म्हणून ते पत्नीसह आमदारांच्या मागे लागले. १९७७ मध्ये तिथे कायदा झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. पण मंजुरीच्या वाटेवर त्यात एक सवलत घुसली. मूल मोठ्या माणसाच्या कुशीत असेल तर सीटची गरज नाही. कारण तेच, जे आपल्या घरात ऐकू येतं: आईच्या कुशीतून बाळ काढून घेणारे तुम्ही कोण? कायदा झाला खरा, पण ज्या मुलांना त्याची सगळ्यात जास्त गरज होती तीच त्यातून निसटली. ही सवलत काढून टाकायला सँडर्स आणि त्यांच्या बाजूच्या लोकांना आणखी काही वर्षं झगडावं लागलं. १९८१ मध्ये ती रद्द झाली. त्यानंतर चार वर्षांत, १९८५ पर्यंत, अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत मुलांच्या सीटचे कायदे आले. तिथल्या महामार्ग सुरक्षा विभागाचा हिशेब असा की, नीट वापरलेल्या सीटमुळे वर्षाच्या आतल्या बाळांचे मोटारीतले मृत्यू ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचे ५४ टक्क्यांनी कमी होतात. एखाद्या औषधाने एवढा गुण दिला असता तर दुकानासमोर रांग लागली असती.

भारतातही कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १९४-ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला सीट बेल्ट किंवा मुलांसाठीच्या खास सीटने न बांधता गाडी चालवली तर १००० रुपये दंड. या वाक्यातला ‘किंवा’ मात्र घोटाळ्याचा आहे. तेरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा चालेल, दोन वर्षांच्या मुलाला तो चालत नाही, आणि कायदा दोघांना एकाच ओळीत बसवतो. त्यातून या कलमाखाली रस्त्यात कुणाला थांबवल्याचं आपल्या शहरात कुणाच्या ऐकिवात नसतं. हेल्मेटसाठी शिट्टी वाजते, मांडीवरच्या बाळासाठी नाही. उलट बंदोबस्तावरचा हवालदार काचेतून बाळाकडे पाहून हसतो.

मागच्या सीटबद्दलचा आपला गैरसमज जुना आहे. पट्टा पुढच्यांनी लावायचा, तोही नाका दिसला की. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले; मागचे दोघे गेले. काही आठवडे त्यावर चर्चा झाली, मागच्या पट्ट्याचा नियम आधीपासूनच आहे हे अनेकांना तेव्हा कळलं, आणि मग गाड्यांच्या मागच्या सीटवर पुन्हा नवी कव्हरं चढली, बक्कल आत दाबून.

गाडी घेताना हल्ली लोक तारे विचारतात. ही चांगली गोष्ट. भारत एनकॅप ही आपली स्वतःची धडक-चाचणी २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झाली आणि १ ऑक्टोबरपासून सुरू झाली. तीत मोठ्या प्रवाशांसाठी वेगळे आणि मुलांसाठी वेगळे तारे मिळतात. मुलांच्या विभागाला ४९ गुण असतात. ताशी ६४ किलोमीटरच्या धडकेत मागे दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे पुतळे बसवलेले असतात. दुकानातला विक्रेता हे सांगत नाही, पण ते पुतळे चाइल्ड सीटमध्ये बांधलेले असतात. गाडीने मिळवलेले पाच तारे त्या सीटमध्ये बसलेल्या मुलाचे आहेत. मांडीवरच्या मुलासाठी ती गाडी शून्य ताऱ्यांचीच.

आता सीटविषयी. ती म्हणजे खुर्ची नव्हे, साचा आहे. मूल वाढतं तसा साचा बदलतो. पहिला साचा पाठमोरा. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. आपल्या घरांत सगळ्यात जास्त हरकत यालाच असते: बाळाला बाहेरचं दिसत नाही, पाय दुमडतात, ते एकटं पडतं. पण बाळाचं शरीर म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नाही. नवजात बाळाच्या एकूण लांबीचा चौथा हिस्सा डोकंच असतं. मोठ्यांत ते सातवा-आठवा हिस्सा असतं. मान कोवळी, मणके अजून पूर्ण हाड न झालेले. तोंड पुढे करून बसवलं आणि गाडी थांबली, तर पट्ट्याने छाती थांबते, डोकं मात्र पुढे जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ ही एकत्र सीटच्या पाठीत रुततात आणि जोर सगळ्या पाठीवर पसरतो. स्वीडनमध्ये बेर्टिल आल्डमन यांना ही कल्पना अंतराळवीरांवरून सुचली. यान उडताना त्यांना पाठीवर झोपवतात, म्हणजे जोर पाठीवर येतो. १९६४ मध्ये अशा सीटचा नमुना व्हॉल्वो गाडीत तपासला गेला. स्वीडनमध्ये आजही मुलं साधारण चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसतात, आणि तिथल्या पोरांचे पाय वाकडे झालेले नाहीत.

युरोपच्या नव्या नियमाप्रमाणे, आर-१२९ असं त्याचं नाव, किमान १५ महिने तरी मूल पाठमोरंच बसवायचं. त्यानंतरही सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवलं तर उत्तम. आर-४४ हा जुना नियम वजनावर चालतो. त्या सीटवर नारिंगी लेबल असतं आणि किती किलोपासून किती किलोपर्यंत हे त्यावर लिहिलेलं असतं. भारतात विकल्या जाणाऱ्या सीटवर एआयएस-०७२ किंवा यातला एखादा युरोपीय शिक्का पाहावा. नुसतंच ‘बेबी सीट’ म्हणून कापडी पिशवीसारखं काहीतरी चारशे-पाचशेला मिळतं, ते पैसे शीरखुर्म्याच्या चारोळीवर घालवलेले बरे.

पाठमोरी सीट पुढे, चालकाच्या शेजारी ठेवायची नाही. नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही जागांना एअरबॅग असते. ती पापणी लवायच्या आत फुगते, ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आपटते. मोठ्या माणसाला वाचवणारी तीच पिशवी बाळाचा जीव घेते. अमेरिकेत १९९० च्या दशकात अशी बाळं गेली, म्हणून तर आज प्रत्येक गाडीच्या सावलीच्या पट्टीवर बाळाच्या सीटवर लाल फुली मारलेलं चित्र असतं. ते चित्र बहुतेकांनी रोज पाहिलेलं असतं, वाचलेलं नसतं.

सीट मागे, ही गोष्ट पक्की. मागेही मधली जागा दोन्ही दारांपासून लांब म्हणून चांगली, पण आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मधे फक्त कमरेचा पट्टा असतो. खांद्यावरून येणाऱ्या तीन टोकांच्या पट्ट्यासाठी बनवलेली सीट त्यावर बसवता येत नाही. मग ती कडेला, शक्यतो चालकाच्या विरुद्ध बाजूला. त्यामुळे मूल उतरवताना आईला वाहत्या रस्त्यावर उभं राहावं लागत नाही. सीटवर पट्टा कुठून घालायचा याची खूण असते. पाठमोऱ्यासाठी वेगळी, समोर तोंड करून बसवण्यासाठी वेगळी. पट्टा त्या वाटेतून काढून, गुडघा सीटवर दाबून, ओढून घट्ट करायचा. मग पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवून बघायची. अडीच सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीपेक्षा, जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून. गाडीत आयसोफिक्सचे आकडे असतील तर काम सोपं होतं. सीटच्या फटीत हात घातला की लोखंडी कड्या लागतात. समोर तोंड करून बसवलेल्या सीटला वर आणखी एक पट्टा असतो, तो मागच्या बाजूला अडकवायचा. तो लोंबकळत राहिलेला बऱ्याच गाड्यांत दिसतो. त्याने डोकं पुढे जाणं कमी होतं, शोभेला दिलेला नाही.

मुलाच्या अंगावरचे पट्टे सैल ठेवण्याकडे सगळ्यांचा कल असतो, विशेषतः आजी शेजारी असेल तर. ‘अरे, किती आवळलंस त्याला!’ पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरून पाहायचा. चिमटीत घडी आली तर तो सैल. पाठमोऱ्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत, समोर तोंड असेल तर खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. ईदच्या दिवशी एक खास अडचण असते. तीन वर्षांच्या पोरीला जरीचा, आतून जाळीचे थर लावलेला शरारा घातलेला असतो, मुलाला अस्तराची शेरवानी. त्या थरांवरून पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत थर चेपतात आणि पट्टा ढिला पडतो. थंड देशांत जाड कोटांबद्दल हेच सांगतात. पातळ कपड्यात बांधावं, शरारा ईदगाहच्या गल्लीत चढवावा. पोरगी कुरकुरेल.

चार-पाच वर्षांनंतर मुलं ‘आता मी मोठा’ म्हणू लागतात आणि घरचेही सुटलो म्हणतात. इथे दुसरी चूक होते. मोठ्यांचा पट्टा त्यांना तसाच लावला तर खांद्याचा भाग मानेवर येतो. मूल तो काखेखालून किंवा पाठीमागून घेतं. कमरेचा भाग पोटावर चढतो, कारण पट्टा अडकवून धरायला लागणारी कमरेची हाडं त्या वयात तेवढी उभारलेली नसतात. मग धडकेत पट्टाच आतडी आणि मणक्याला इजा करतो. बूस्टर नावाचं उंच बैठकीचं साधन यासाठीच असतं. ते मुलाला वर उचलतं. पट्टा खांद्याच्या मध्यावरून, छातीवरून आणि खाली मांड्यांवरून जातो. सुमारे १४५ ते १५० सेंटीमीटर उंची होईपर्यंत ते लागतं. म्हणजे पाचवी-सहावीतलं मूलसुद्धा. पाचवीतल्या मुलाला हे पटवणं हा वेगळा उपद्व्याप आहे.

सगळ्यांत अवघड मात्र सीट बसवणं नसतंच. अवघड असतं ते विमानतळाच्या पार्किंगमध्ये नानीच्या हातातून बाळ घेऊन सीटमध्ये ठेवणं. मुलीला ते जमत नाही, सुनेला तर त्याहून नाही. ‘आम्ही पाच पोरं वाढवली, कुठल्या सीटा होत्या?’ या प्रश्नाला उलट उत्तर देणं कुणाला शोभत नाही. पण उत्तर आहे. ती पोरं वाढली तेव्हा प्रवास लाल डब्याने व्हायचा, आणि कशेडी घाटात तो डबा धापा टाकत चढायचा. आता कशेडीला बोगदा झाला आहे. चौपदरी काँक्रीटवर गाड्या ऐंशी-शंभरने जातात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर मोटारींना शंभरची मर्यादाच आहे. नानीची मांडी तीच राहिली, खालचा रस्ता बदलला.

दुसरं उत्तर येतं ते नशिबाचं. ज्याची वेळ आली त्याला कोण वाचवणार, असं हिंदू घरातही म्हणतात आणि मुस्लिम घरातही. भरवसा ठेवण्याआधी उंट बांधायचा असतो, ही शिकवण मात्र मोहल्ल्यातल्या लहान पोरालाही पाठ असते. गाडीतला पट्टा हे त्या दोराचंच काम करतो.

काही घरांनी यावर गोडीत मार्ग काढला आहे. फोनवर नानीला आधीच सांगायचं की बाळाला त्याच्या सीटमध्येच झोप लागते. ते बऱ्याचदा खरंही असतं; सवयीचं मूल सीटमध्ये बसलं की पनवेलच्या आत डुलकी घेतं. नानीला शेजारची जागा द्यायची, म्हणजे बोट धरायला, तोंड पुसायला ती जवळच. सीटचं बक्कल लावायचं काम तिलाच शिकवायचं. एकदा तिने ते शिकून घेतलं की मग बघावं, बाकीच्या नातवंडांचे पट्टे ती स्वतः तपासते आणि जावयालाही सोडत नाही. भूक लागली, बाळ रडलं, तर गाडी थांबवायची. धावत्या गाडीत दूध पाजायला म्हणून बाहेर काढलेलं बाळ परत सीटमध्ये जात नाही. तसंही अगदी लहान बाळाला दोनेक तासांनी सीटमधून काढून मोकळं करावंच लागतं. सीटमध्ये मान पुढे पडून श्वास अडू नये, म्हणून घरी आल्यावर त्याला तिथेच झोपलेलं ठेवायचं नाही, काढून आडवं निजवायचं. ड्रायव्हरही सहरीपासून उठलेला आणि रोज्याने असतो. दुपारच्या उन्हात त्याचे डोळे मिटू लागतात, त्यामुळे हे थांबे त्याच्याही कामाचे.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ईदच्या खरेदीला बाजारात गाडी लावून ‘दोनच मिनिटांत येते’ म्हणत झोपलेलं मूल आत ठेवून जाण्याची खोड अनेकांना आहे. बंद गाडीचं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढतं, काच बोटभर उघडी ठेवली तरी. आणि बांगड्यांच्या दुकानात दोन मिनिटं म्हणजे किती, हे सगळ्यांना माहीत आहे.

खर्चाचं काय? शिक्का असलेली सीट काही हजारांना पडते. वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्या नातवासाठी ती घ्यावी का, हा प्रश्न रास्त आहे. आखातातून येणाऱ्यांनी आपली रोजचीच सीट बरोबर आणावी. ती बहुधा युरोपीय शिक्क्याची असते आणि आपल्या गाड्यांतल्या तीन टोकांच्या पट्ट्यावर बसते. अनेक विमान कंपन्या ती वेगळे पैसे न घेता नेतात. तिकीट काढतानाच विचारून घ्यावं. दुसरा मार्ग भावंडांनी मिळून एक सीट घेण्याचा. ती नानीच्या घरी कपाटावर राहते, एका ईदला एका लेकीचं मूल, पुढच्या ईदला दुसरीचं. घरातली सीट असल्यामुळे तिचा इतिहास माहीत असतो, आणि हे महत्त्वाचं आहे. अनोळखी माणसाकडून जुनी सीट घेऊ नये. एकदा मोठ्या धडकेत सापडलेली सीट वरून धडधाकट दिसली तरी आतून चिरलेली असू शकते. प्लास्टिकलाही वय असतं; बनवल्याची तारीख आणि किती वर्षं वापरायची हे सीटच्या खाली किंवा मागे कोरलेलं असतं.

ज्यांच्याकडे गाडीच नाही, स्कूटर आहे, त्यांच्यासाठी नियम वेगळा झाला आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना ते चालकाला बांधून ठेवणारा पट्टा लागतो. नऊ महिन्यांवरच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. पुढे पायदानावर उभं केलेलं, हँडलला धरलेलं पोर प्रत्येक गल्लीत दिसतं. करकचून ब्रेक लागला की त्याचं तोंड थेट आरशाच्या दांड्यावर जातं. रिक्षात आणि एसटीत बांधायला काहीच नसतं. तिथे मूल कडेला न बसवता आत, दोन मोठ्या माणसांच्या मधे बसवावं, एवढंच हातात उरतं. याहून बरं काही सांगता येत नाही.

भाड्याची गाडी सांगणाऱ्यांनी मालकाला फोन करताना दर आणि एसी विचारतात तसं हेही विचारावं की मागच्या सीटचे पट्टे वर आहेत का. बहुतेक गाड्यांत ते रेक्झिनच्या कव्हराखाली गाडलेले असतात आणि बक्कल सीटच्या फटीत पेन, शेंगदाणे आणि पाच रुपयांच्या नाण्यांशेजारी सापडतं. ते उकरून काढायला अर्धा तास जातो, कधी कव्हर उसवावं लागतं. कधी पट्टा सीटच्या मागच्या वाटेतून फिरून बक्कलपर्यंत पुरत नाही, मग सीट दुसऱ्या बाजूला लावून पाहावी लागते. हे सगळं आदल्या दिवशी, इफ्तारनंतर, गाडी दारात मागवून करावं. विमानतळाच्या पार्किंगमध्ये, हातात रडणारं बाळ आणि मागे वाजणारे हॉर्न असताना, ते कुणालाच जमत नाही.